वरीलप्रमाणे

मी एक जुनी नोंदवही आहे, मित्रांनो, आणि माझे निम्मे अंग खोट्याने भरलेले आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला बिचारी वगैरे म्हणणार नाही.

माझा जन्म एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात झाला. पाचशे पाने, कापडी पाठ, कोपऱ्यांना चामडे. पुठ्ठ्यावर छापले होते ‘जामीन अर्ज’. आत सहा रकाने: क्रमांक, नाव, आरोप, समाज, दुभाषी, आदेश. या शहरात नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन समाज राहतात. त्यांची भाषा वेगळी, चेहरेही थोडे वेगळे. न्यायालयात दोघांना सारखीच वागणूक मिळते की नाही, हे कधीतरी कळावे म्हणून कुणा शहाण्या माणसाने माझ्यात समाजाचा रकाना आखायला लावला होता. मला त्याचा फार अभिमान होता.

मी ज्या कारकुनाच्या टेबलावर आले, त्याला सगळे मोतीभाऊ म्हणत, कारण अक्षर मोत्यासारखे. एकदा मोठ्या न्यायाधीशांनी मला उघडून पाहिले आणि म्हणाले, “वही असावी तर अशी!” मोतीभाऊ आठवडाभर ताठ मानेने फिरले. मीही फुगले. आता ते आठवले की पाने मिटून घ्यावीशी वाटतात.

कारण मोतीभाऊंना एक सवय होती. दिवसाला साठ-सत्तर नावे लिहायची, हात भरून यायचा. म्हणून समाजाच्या रकान्यात ते पानाच्या पहिल्या ओळीत एकदाच शब्द लिहीत आणि खाली शेवटपर्यंत दोन तिरप्या रेघा ओढत. दोन रेघा म्हणजे वरीलप्रमाणे. पहिला माणूस अलीकडचा असला की पानभर सगळे अलीकडचे. पहिला पलीकडचा निघाला की सगळे पलीकडचे. माझ्या नव्वदाव्या पानावर नगराध्यक्षांचे जावई पलीकडचे झालेले आहेत. त्यांना ते अजून ठाऊक नाही.

वर्षभर असेच चालले. मग मी भरले आणि तळघरात गेले. तिथे कुणीतरी खिडकीचा पल्ला आपटू नये म्हणून मला मध्ये अडकवले. एका बाजूने ऊन, दुसऱ्या बाजूने ओल. पंधरा वर्षे मला कुणी उघडले नाही, आणि खरे सांगते, मला बरेच वाटत होते.

मग ताई आली. ती संशोधक होती. दोन समाजांना जामीन मिळण्यात फरक आहे का, हे तिला मोजायचे होते. शुक्रवारी तीन न्यायाधीशांची समिती तिचा अहवाल ऐकणार होती. फरक दिसला नाही तर विषय बंद, आणि माझ्यासारख्या जुन्या वह्या लगद्याला. तिने मला खिडकीतून सोडवले, कपड्याने पुसले आणि ओळ न ओळ उतरवून घेऊ लागली.

मोतीभाऊ आता त्याच न्यायालयाच्या दप्तरखान्याचे प्रमुख होते. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

“भाऊ, पानभर एकच समाज कसा हो?” तिने तिसऱ्या दिवशी विचारले.

“पोलीस एकेक वस्ती घेऊन येतात ना ताई. आज ही, उद्या ती.”

“रोज?”

“अहो, तेवीस वर्षं इथे बसून खुर्ची झिजवलीय मी. तुम्ही मोजा, चहा पाठवतो.”

मी मनातल्या मनात ओरडले. पण वहीचे ओरडणे कुणाला ऐकू जाते? ताईने मोजले. दोन्ही समाजांना शंभरात पन्नासेक जामीन. फरक नाही. असणारच नाही, मित्रांनो! दोन्ही डब्यांत तीच भेसळ भरली तर चव वेगळी लागणार कशी?

तिने एक पान मात्र शेवटपर्यंत उघडले नव्हते, दोनशे बारावे. त्यावर तिचे वडील होते. बाजारातल्या धक्काबुक्कीत पकडलेले, जामीन नाकारलेले, एकेचाळीस दिवस कोठडीत राहिलेले. घरातले माणूस मोजताना हात वाकडा पडतो, म्हणून ती ते पान टाळत होती. मंगळवारी दुपारी दुसरे पानच उरले नाही.

तिने नाव शोधले. बोट पुढे सरकवले. समाज: दोन रेघा. वर पाहिले. पहिल्या ओळीत ‘अलीकडचा’.

तिने मला उचलून थेट मोतीभाऊंच्या टेबलावर ठेवले.

“हे माझे बाबा. मरेपर्यंत त्यांना तुमची भाषा धड बोलता आली नाही. हे अलीकडचे कधी झाले?”

मोतीभाऊंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. “तशी खूण सगळेच करायचे, ताई.”

“सगळे नको. ही कुणी केली?”

“मी,” ते म्हणाले. “हात दुखायचा हो. आणि तो रकाना कुणी बघतच नव्हतं.”

“मी बघतेय ना. आता शुक्रवारी काय सांगू? की माझ्या बाबांना काही झालंच नाही?”

मोतीभाऊ माझ्यावर वाकले. बाबांच्या ओळीत दुभाषी या रकान्यात लांब शेपटीची एक सही होती. “ही दुभाषी मावशींची,” ते हळूच म्हणाले. “त्या माझ्यावर विश्वास ठेवायच्या नाहीत. प्रत्येक ओळीत स्वतः सही करायच्या. आणि त्यांना बोलवायचे ते फक्त पलीकडच्यांसाठी.”

बुधवार आणि गुरुवार दोघांनी मिळून त्या शेपट्या मोजल्या. सही नसलेल्यांना शंभरात एकसष्ट जामीन. सही असलेल्यांना बावीस. ज्या पलीकडच्यांना अलीकडची भाषा येते ते यात सुटतात, हेही ताईने अहवालात लिहिले. ती तशी काटेकोर आहे.

गुरुवारी संध्याकाळी मोतीभाऊंनी शाईचा खोडरबर काढला. “तेवढं बाबांचं नीट करतो.”

“खोडू नका,” ताई म्हणाली. “चूक राहू द्या. शेजारी खरं लिहा आणि खाली सही करा. आजच्या तारखेची.”

त्यांनी लाल शाईने ‘पलीकडचा’ लिहिले. अक्षर मुळीच मोत्यासारखे नव्हते. मग सही केली.

शुक्रवारी समितीने विषय बंद केला नाही. वह्या लगद्याला जाणार नाहीत असे ठरले. फरक का आहे, यावर मात्र ‘पुढे विचार करू’. पंधरा वर्षे खिडकीत उभी राहिलेल्या मला ‘पुढे’ म्हणजे काय ते चांगले कळते.

आता मी फळीवर असते. रोज काम संपले की माझ्या शेजारी यंदाची नवी वही येऊन बसते. काल तिचे पहिले पान वाऱ्याने उघडले, आणि मी पाहिले: पहिल्या ओळीत शब्द, दुसऱ्या ओळीत शब्द, तिसऱ्या ओळीत दोन रेघा.

मित्रांनो, तुमच्या हाती कधी असा रकाना आला, तर प्रत्येक माणसासमोर पूर्ण शब्द लिहा. हात दुखला तर थांबा, पाणी प्या, बोटे मोडा. मग पुढचे नाव घ्या आणि त्याला विचारून लिहा.