सकाळचे हात

कपाच्या कानाशी एक निळं फूल होतं, अर्धं पुसलेलं, आणि चहा काठोकाठ — आईनं मुद्दामच भरला असणार! इतकी वर्षं संजीवनीला सकाळचा चहा स्टीलच्या गिलासात, तोही अर्धा, कपबशी पाहुण्यांची. आज ज्ञानेश्वरदादाच्या लेकाचं बारसं, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि तिच्यापुढे कपबशी. तिनं बोटं पाहिली. जागच्या जागी. उजवा खांदा... गप्प. वा रे वा, म्हणजे आजही नाही! तिनं कप ओठाशी नेला, जीभ चांगलीच पोळली, आणि पोळल्याचाही आनंद झाला.

कारण सकाळ म्हणजे तिची वैरीण. उठल्यावर तासभर हात दुसऱ्याचेच असल्यासारखे — वेणी घालताना कंगवा उडून मोरीत, चहा भिंतीवर, एकदा तर पोह्यांची ताटली मामांच्या नव्याकोऱ्या शर्टावर... एक हिसका, क्षणाचा. शुद्ध पुरती असायची, म्हणून तो आजार कुणाला वाटलाच नाही. धांदरट पोरगी, म्हणायचे. आजार म्हणजे ते मोठं — पडणं, दातखीळ, नाकाशी कांदा घेऊन धावणारे शेजारी. त्यावर गोळ्या चालू होत्या, अगदी नेमानं, आणि हिसके वाढतच होते. पण धांदरटपणा काय डॉक्टरला सांगायचा?

आणि आई! सत्यभामाबाई नकला करणार म्हटलं की गल्लीतल्या बाया तव्यावरची भाकरी तव्यावर सोडून येत. दादाच्या हळदीला तिनं व्याह्यांची केली, भटजींची केली, मग पदर खोचून — "आता पाहा, आमची संजू चा आनते!" — रिकामा गिलास असा काही उडवला की बाया हसून लोळल्या. मी, संजू, मागच्या दारी जाऊन रडले. आईचा एवढा राग मला कधीच आला नव्हता.

आणि कामी आली ती तीच नक्कल. शेगावला मेंदूच्या डॉक्टरबाई येतात असं कळलं, तेव्हा दोघी एसटीनं गेल्या. मोठ्या झटक्यांचं सगळं ऐकून घेतल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "सकाळी उठल्यावर हातातून वस्तू उडतात का?"

"ते तं तिचा धांदरटपना हाय," आई म्हणाली. "कशा उडतात ते सांगता नाही येत... थांबा, करूनच दाखवतो."

आणि उठली की! टेबलावरचा पाण्याचा गिलास घेतला, ठुमकत चालली आणि खांद्यातून तो हिसका, हुबेहूब. पाणी सगळं डॉक्टरबाईंच्या कागदांवर. संजीवनीला भुईत गडप व्हावंसं वाटलं. पण डॉक्टरबाई हसल्या नाहीत, कागदही पुसले नाहीत.

"पुन्हा करा."

आईचा चेहरा उजळला. वन्समोअर तिला नवा नव्हता.

"एकच हात उडतो, की दोन्ही?" आईनं दोन्ही उडवून दाखवले. "शुद्धीत असते?"

"शुद्धीत? मलेच बोल लावते, बाई!"

मग डोक्याला तारा लावून तपासणी झाली, तिच्यातही तेच निघालं. फिटच्या जाती असतात, डॉक्टरबाईंनी समजावलं — काही मेंदूच्या एका कोपऱ्यातून निघतात, काही दोन्ही बाजूंनी एकदम. हे हिसकेसुद्धा फिटच, दुसऱ्या जातीच्या. चालू होती ती गोळी पहिल्या जातीची. तिनं हिसके वाढूही शकतात. गोळी बदलू. आणि झोप मोडायची नाही.

परतीच्या एसटीत आईनं पदर डोळ्यांना लावला. सत्यभामाबाई आणि रडणं! "चारचौघीत थट्टा केली मी तुही," ती खिडकीकडे पाहत म्हणाली.

"आता काऊन रडून राह्यली? तुह्या नकलेनंच तं सापडलं!" बोलता बोलता संजीवनीला हसू फुटलं, मग आईलाही, आणि कंडक्टर तिकिटं सोडून दोघींकडे बघत राहिला.

"संजू, ये नं पाळण्यापाशी!" सारिकावहिनीची हाक. काल रात्री पुरणाचा घाट घरभर, पण आईनं तिला खोलीत लोटून झोपवलं होतं. आता पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बाया बसल्या. आत्याचा मान तिचा. बाळ आत्याच्या हाती यायचं, तिनं कानात नाव सांगायचं... आणि तेही सकाळी! सकाळी तिच्या हाती कुणी बाळ दिलं नव्हतं. तिनंही कधी मागितलं नव्हतं.

"तिच्या हाती?" पंचफुलामावशी पुटपुटली. "मी बसतो तिच्या जागी."

"आत्या कोन हाय, तू का ती?" पाळण्यापलीकडून आईनं झापलं.

रीतीप्रमाणे आधी बाळाच्या जागी कुंची घातलेला वरवंटा हातोहात फिरला. जड, गार. मी तो घट्ट धरला, खांद्याची चाहूल घेत बसले... काही नाही. वरवंटा पुढे गेला. मग गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत बाळ आलं — ऊन ऊन, दुधाचा वास, आणि एवढ्याशा तोंडाची केवढी मोठी जांभई! मी कानाशी वाकले. "आल्हाद," म्हटलं. "कुर्रर्र!" करत बायांनी माझ्या पाठीत धपाटे घातले, सगळ्यांत जोराचा पंचफुलामावशीचा. अंग हिसकलं, गदगदलं... हे हिसके ह्यांचे, बायांचे, माझे नाहीत! मी हसत सुटले, बाळ छातीशी, आणि ते माझं नाक धरू पाहतंय.

वर पाहिलं. आई बाळाकडे पाहतच नव्हती. पापणी न लवता ती माझे हात पाहत होती. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं — मी ते पाहायचेच विसरले होते.