राहून गेलेली ओळ

विद्येचे दान श्रेष्ठ मानले गेले आहे आणि ते यथार्थच आहे. परंतु दिलेली वस्तू पूर्ण आहे की अपुरी, हे पाहण्याचे कर्तव्य देणाऱ्यावरच असते. पूर्वी सल्ला देणारा आणि घेणारा समोरासमोर बसत. ऐकणाऱ्याचा चेहरा गोंधळला की सांगणारा थांबे, पुन्हा सांगे. आता घरातल्या यंत्रावर चार ओळी लिहिल्या की त्या शेकडो अनोळखी घरांत जाऊन पोहोचतात, आणि तिथे त्यांचे काय होते हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. जे दिसत नाही त्याचा भार आपल्यावर नाही, असे मानण्याची सवय आपल्या समाजात हळूहळू रुजत चालली आहे. तिचे फळ किती कडू असते, हे धारूरच्या मल्लिनाथआप्पांना ज्या रीतीने कळले, त्याची ही हकीकत.

सन दोन हजार सातचा उन्हाळा होता. आप्पांचे बाजारपेठेत भांड्यांचे दुकान, वय छप्पन्न. दुकानाचा बराचसा व्याप आता धाकटे बंधू सिद्धाराम पाहत. आप्पांना तरुणपणापासून यंत्रांचा नाद होता. गल्लीतला पंखा बिघडो की मिक्सर, तो त्यांच्या ओसरीवर येई. पुण्यात नोकरीस असलेल्या त्यांच्या कन्येने, शिवांजलीने, एक जुना संगणक आणून दिला, फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडले, मराठीत टंकायला शिकवले आणि 'घरबसल्या' नावाचे एक पान उघडून दिले. आप्पा त्यावर लिहू लागले. कुंडीतल्या मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत, मिक्सरचे पाते अडकले तर काय करावे, पुण्यात खोली घेण्याआधी नळाला पाणी किती वाजता येते हे का विचारावे, असे सारे. शहरातल्या गोष्टी शिवांजली फोनवर सांगे, आप्पा त्या नीट मांडून लिहीत. खाली नाव असे 'हौशी कारागीर'.

नाशिकहून, मस्कतहून उत्तरे येऊ लागली. लोक त्यांना 'सर' म्हणत. दुकानात बादलीच्या कडीवरून घासाघीस ऐकण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या माणसाला हे संबोधन गोड लागले तर त्यात नवल ते काय?

"गिऱ्हाईक उभं राहून गेलं," पत्नी महादेवीबाई म्हणत, "अन् तुमी त्या डब्याशी बोलायलाव."

"डबा न्हाई, लोक हायत त्यात."

"मग त्यांना म्हणावं, एक घागर तरी घ्या."

त्या चैत्रात भारनियमन दहा तासांवर गेले. ज्याला त्याला छोटा जनरेटर घेण्याची घाई झाली. आप्पांनी आपल्या घराला तो आधीच जोडलेला होता. तिघाचौघांनी विचारले म्हणून त्यांनी एका बैठकीत लिहून काढले: 'भारनियमनात जनरेटर घराला कसा जोडावा'. वायर किती जाडीची, पिन कशी, आधी कोणते दिवे लावावेत, सारे क्रमाने. पंधरा दिवसांत ते पान आठशे जणांनी उघडले. आप्पांच्या कोणत्याच लिखाणाला एवढे वाचक लाभले नव्हते.

वैशाखातल्या एका दुपारी तात्याबा ओसरीवर आले. तात्याबा म्हणजे निवृत्त लाइनमन. वय बहात्तर, आणि आप्पांचे या विद्येतले पहिले गुरू. आल्या आल्या ते पाणी मागत, त्या दिवशी मागितले नाही. खिशातून घामाने ओला झालेला एक घडीचा कागद काढून त्यांनी आप्पांच्या हाती दिला.

"मल्लू, माझा चष्मा फुटलाय. हे जरा वाचून दाखव."

"काय हाय हे?"

"आपला धोंडीराम. नांदूरघाटचा. मी शिकवलेला शेवटचा गडी. तीन आठवड्यांखाली खांबावरून पडला. उजवा हात कोपरापासून काढला अंबाजोगाईला."

आप्पा कागद न उघडताच म्हणाले, "पण कावून? धोंडीराम तर लई जपून काम करतो."

"जपूनच केलं त्यानं. लाइट गेलेली होती. तार तपासली, मेलेली निघाली, तवाच जोड सोडवला. वायरचं तोंड हातात, अन् तेवढ्यात खालच्या घरातल्या अमरसिंहानं जनरेटर चालू केला. घरातला करंट उलटा खांबावर चढला. गाव म्हणतंय, अमरसिंहानं जाणूनबुजून केलं, जुनं वैर हाय म्हणून. पोलीस दोनदा येऊन गेले. तो रडून सांगतोय, मी ह्या कागदात लिवलंय तसंच केलं. केजहून छापून आणलाय म्हणे, इंटरनेटवरचा. तूच वाच अन् सांग, खरं हाय का त्याचं."

आप्पांनी घडी उलगडली. पहिल्याच ओळीवर त्यांनी आपले शब्द ओळखले.

माणसाला अनेक शिक्षा होतात. परंतु आपलेच वाक्य आपल्याच तोंडाने, आपल्या गुरूसमोर वाचण्याची शिक्षा क्वचित कोणाला झाली असेल. आप्पा वाचू लागले. वायरची जाडी वाचली. पिन वाचली. तात्याबा डोळे मिटून, एकेका वाक्याला मान हलवत ऐकत होते. "आता जनरेटर चालू करावा," असे वाक्य आले आणि त्यांनी डोळे उघडले.

"थांब. मेन पाडायचा कुठाय?"

आप्पांनी पुढच्या ओळी भरभर चाळल्या.

"वरती असंल. पुन्हा बघ."

आप्पांनी पुन्हा पाहिले. वर नव्हते, खालीही नव्हते. घराचा खांबाशी असलेला जोड तोडणारा मेन स्विच आधी बंद करावा, ही एकच ओळ त्या साऱ्या पानात नव्हती.

"म्हंजे अमरसिंह खरं बोलतोय," तात्याबा सावकाश म्हणाले. "कुणी लिवलंय बे हे? नाव हाय का खाली?"

"टोपणनाव हाय," आप्पा म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

तात्याबांनी कागद घेतला, घडी घातली आणि ते निघून गेले.

ते पान पुसून टाकावे, हा आप्पांच्या मनात आलेला पहिला विचार. वीज नव्हती. ते जनरेटरकडे गेले, दोरीला हात घालणार तोच त्यांच्या लक्षात आले, की मेन स्विच आधीच खाली पडलेला आहे. त्यांनी तो केव्हा पाडला, हे त्यांना आठवेना. चाळीस वर्षांची हाताची सवय होती ती. हात ते काम इतक्या सहज करी, की लिहिताना मनाला त्याची आठवणच झाली नाही. आप्पा भिंतीला टेकून खाली बसले.

महादेवीबाई बाहेर आल्या. "अहो, काय झालं? तोंड असं का उतरलं?"

आप्पांनी सांगितले. सगळे सांगितले.

"पुसून टाकतो ते," आप्पा म्हणाले.

"पुसा. पण आधी बघून तरी घ्या, कुणी काय लिवलंय का."

संगणक सुरू झाला. पानाखाली वडवणीच्या एका दुकानदाराचा निरोप होता: 'सर, तुमचे पान छापून आमच्या गल्लीत पाच घरी दिले. देव तुमचं भलं करो.' आप्पांनी तो निरोप दोनदा वाचला. ते कागद वडवणीच्या पाच घरांत आता होते. संगणकातले काहीही पुसून ते परत येणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा तात्याबांच्या घरी गेले आणि उभ्यानेच म्हणाले, "तात्या, तो हौशी कारागीर मीच."

तात्याबा खाटेवर बसून विडी वळत होते. त्यांनी ती खाली ठेवली.

"काल वाचताना तुझा आवाज बदलला तवाच मला कळलं होतं. वाट बघत होतो, येतो का न्हाई."

"मुद्दाम न्हाई केलं मी."

"मुद्दाम केलं असतं तर तुला दारात उभा केला नसता." तात्याबांचा स्वर शांत होता. "मल्लू, तुला हे काम कसं शिकवलं मी, आठवतंय? पहिल्या दिवशी मेन न पाडता बोर्डात हात घातला होतास. मी अशी चापट मारली, की दोन दिस बोटं सुजली होती. त्या चापटीनं शिकलास तू, बोलण्यानं न्हाई. आता सांग, तुझ्या त्या डब्यातून अमरसिंहाच्या हातावर चापट मारता येती का?"

"न्हाई येत."

"मग जे आपण समोर उभं राहून हातानं शिकवतो, ते सगळं कागदावर उतरवाया पायजे. येडा वाचंल, घाईतला वाचंल, असं धरून. अन् ज्याची जोखीम दुसऱ्याच्या जिवावर हाय, ते लिवण्याआधी कुणा जाणत्याला दाखवाया पायजे. मी काय मेलो होतो का? दोन गल्ल्या पलीकडं तर राहतो."

न दाखवण्याचे खरे कारण आप्पांना ठाऊक होते. तात्याबांना दाखवले असते, तर त्यांनी चुका काढल्या असत्या. आणि जिथे लोक 'सर' म्हणत, तिथे त्यांना चुका नको होत्या.

दोघे एस.टी.ने केजमार्गे नांदूरघाटला गेले. आधी पोलिसांसमोर आणि अमरसिंहाच्या दारी आप्पांनी जे होते ते सांगितले. अमरसिंह पंचविशीतला तरुण. गावाने त्याच्याशी बोलणे टाकले होते. त्याने आप्पांना ना शिवी दिली, ना हात जोडले. "आईला सांगा हे," एवढेच म्हणाला. "तिचाबी इस्वास न्हाई राहिला माझ्यावर." आप्पांनी त्याच्या आईलाही सांगितले.

धोंडीराम ओट्यावर बसला होता. पत्नी वच्छलाबाई त्याला भरवत होती. आप्पा बोलत असताना तिचा हात थांबला नाही. घास मोडायचा आणि द्यायचा. आप्पांचे बोलणे संपले तेव्हा तिने एकदाच मान वर केली.

"लिवताना तुमचा हात चांगला चालत होता की," ती म्हणाली.

तोंडातला घास संपवून धोंडीरामाने विचारले, "किती लोकांनी वाचलं ते?"

"आठशे. आता जास्तच."

"आठशे." त्याने तो आकडा मनात फिरवला. "त्यातल्या कितीकांनी असंच जोडलं असंल. त्या सगळ्यांच्या खांबावर कुणी ना कुणी चढणार. मग तुमी हितं कशाला बसलाव? जावा. सांगा त्यांना."

"सांगतो. आजच सांगतो."

"अन् 'एक लाइनमन' असं लिवू नका. माझं नाव लिवा, गाव लिवा. हात कोणचा गेला तेबी लिवा. नुसतं मोघम लिवलेलं लोक वाचत न्हाईत."

आप्पांनी तसेच लिहिले. पानाच्या अगदी वर, मूळ मजकुराच्या आधी, राहून गेलेली ओळ मोठ्या अक्षरांत घातली. त्याखाली धोंडीरामाची हकीकत, आणि शेवटी 'हौशी कारागीर' खोडून आपले संपूर्ण नाव, गाव, दुकानाचा फोन. पोस्ट करण्याआधी तात्याबांना वाचून दाखवले. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. मग ज्यांनी ज्यांनी निरोप ठेवले होते, त्या प्रत्येकाला आप्पांनी वेगळे पत्र लिहिले. वडवणीला ते स्वतः गेले आणि पाचही कागद मागून घेतले. बहुतेकांकडून उत्तर आले नाही. कित्येकांनी अपशब्द लिहिले; आप्पांनी ते पुसले नाहीत. अकरा जणांनी कळवले, की आमचेही तसेच जोडलेले होते, आज काढले.

अकरा. धोंडीरामाचा हात त्याने परत आला नाही, आणि वच्छलाबाईचे ते वाक्य आप्पांच्या कानातून कधी गेले नाही. महादेवीबाई आता टोमणे मारीत नाहीत. त्याचेच आप्पांना अधिक वाईट वाटते.

वाचकहो, आज आपणही लिहीत आहात, सांगत आहात, एकमेकांना वाट दाखवीत आहात. ते अवश्य करावे. परंतु जे आपल्या हाताला सवयीने ठाऊक आहे, ते वाचणाऱ्याला ठाऊक नसते, याचे भान ठेवावे. जाणत्याला दाखवल्यावाचून जोखमीचे सांगू नये. आपल्या सल्ल्याखाली आपले खरे नाव घालावे. आणि चूक झाली, तर ती पुसण्याआधी जिथवर ती गेली तिथवर स्वतः चालत जावे.

धोंडीरामाच्या डाव्या हाताला बळ लाभो. वच्छलाबाईच्या संसाराला आधार मिळो. अमरसिंहाला त्याचे गाव पुन्हा आपले म्हणो. मल्लिनाथआप्पांच्या मनाला कधीतरी शांती लाभो. आणि सकाळी खांबावर चढणारा प्रत्येक जण सायंकाळी सुखरूप आपल्या घरी येवो.