चार लिंबं आणि एक दांडी

सुलतान बाजारामागच्या गल्लीत हिम्मतरावाच्या गॅरेजपुढे सकाळपासून गाड्यांची रांग लागली होती, आणि समोरच्या गॅरेजात मुकुंदराव तेच ते पाने तिसऱ्यांदा पुसत बसले होते. तीस वर्षांचे मिस्त्री, पण गेले दोन महिने त्यांच्याकडे लोक येत ते पत्ता विचारायला. आणि हिम्मतराव कोण? कालपर्यंत त्यांच्याच हाताखाली नट आवळणारा.

हिम्मतराव 'सिद्ध दांडी' बसवून देई. वळणावर गाडीचा सांगाडा पिळू नये म्हणून बॉनेटखाली दोन शॉकअॅब्सॉर्बरांच्या माथ्यांना एक आडवी लोखंडी दांडी जोडतात, तीच ही. फक्त हिच्यावर शेंदूर होता. आधी डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला पेला ठेवून गाडी गल्लीतल्या गतिरोधकावरून न्यायची, पाणी सांडायचं. मग दांडी बसवून घंटा वाजवत दसऱ्यासारखी पूजा, चारी चाकांना लिंबं. पुन्हा तोच गतिरोधक, आणि थेंब सांडत नसे.

"गाडीचा कणा आहे हा," हिम्मतराव सांगे. "कणा भारला की गाडीची पालखी होते. रस्ता खड्ड्यांचा, कृपा देवाची."

त्या रांगेत तारामतीबाई दिसल्या आणि मुकुंदरावांना रडू यायचंच बाकी राहिलं. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई; त्यांची गाडी वीस वर्षं याच गॅरेजात येत होती.

"बाई, तुम्हीपण?"

"उद्या नातवंडांना घेऊन नांदेडला जायचंय. सून म्हणाली, दांडी बसवा. म्हटलं, बघू तरी. तुम्ही नाही शोधलंत हे कसं होतं ते?"

"काय शोधायचं? नशीब एकेकाचं. मीपण बेगम बाजारातून घंटा आणलीय. उद्यापासून माझीपण दांडी सिद्ध."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दांडीनं गाडी ताठ होते ना, मुकुंदराव? मग धक्का मऊ कसा होईल?"

हे मुकुंदरावांनीच हिम्मतरावाला शिकवलं होतं.

"तुमचा हवा मोजायचा गेज द्या," बाई म्हणाल्या.

बाईंचा नंबर आला. हिम्मतरावानं आधी 'वायुशुद्धी' म्हणून चारी चाकांना पाइप लावला. बाईंनी वाकून मोजलं: सेहेचाळीस पौंड; हवी तीस-बत्तीस. पाणी सांडलं. मग दांडी बसली. हिम्मतराव एका हातानं घंटा बडवत, दुसऱ्या हातानं लिंबू ठेवत एकेका चाकापाशी बराच वेळ बसला. घंटेपुढे दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तो उठल्यावर बाईंनी पुन्हा मोजलं: अठरा.

"आता दांडी काढा," बाई म्हणाल्या.

"कोप होईल, बाई."

"होऊ द्या. गाडी माझी आहे."

दांडी मुकुंदरावांनीच पुढे होऊन काढली आणि पायरीवर ठेवली. दांडीवाचून गाडी गतिरोधकावरून गेली. थेंब सांडला नाही. मग दांडी परत बसवून चाकांत सेहेचाळीस हवा भरली, तर अर्धा पेला बाईंच्या पदरावर.

"टम्म चाक उडतं, ढिलं चाक दबतं," बाई लोकांकडे वळल्या. "लिंबू ठेवताना हा हवा सोडतो. आणि असं ढिलं चाक हमरस्त्यावर तासभर पळालं की तापून फुटू शकतं. मागे माझी नातवंडं बसणार होती."

"हौ की," रांगेतला रितेश म्हणाला. "पंपावर हवा भरली की माझी गाडी पुन्हा धडधडायची. हा बोलला, तुझी भक्तीच कमी पडली."

हिम्मतराव शटर ओढायला लागला. मुकुंदरावांना आतून गुदगुल्या होत होत्या. बाईंनी ते ओळखलं.

"हसू नका. तीस वर्षं चाकांपाशी बसलात तुम्ही. एकदा त्याच्या चाकाकडे पाहायचं होतं. तुम्ही नुसती रांग पाहिलीत, आणि घंटा घेऊन आलात."

हे लागलं, कारण खरं होतं. मुकुंदरावांनी मान खाली घालून बाईंच्या चारी चाकांत नेमकी हवा भरून दिली. मग आपल्या गॅरेजाच्या भिंतीवर घंटेसाठी ठोकलेल्या खिळ्यावर गेज टांगला आणि खाली खडूनं लिहिलं: 'चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी मोजून बघा. गेज कुणालाही मिळेल.' थोडं थांबून त्यांनी पुढे लिहिलं: 'हिम्मतरावालाही.'