गीझरमधला अमादोर

आमच्या घरात गीझर गातो, आणि तो माझ्या भावाच्या आवाजात गातो. यावर कोणाला हसायचं असेल तर हसावं. चिलीतल्या आमच्या कोपियापोत लोक याहून बिनबुडाच्या गोष्टींवर विश्वास ठेवतात.

अमादोरला जाऊन दोन हिवाळे झाले. आंघोळ करताना तो तोंड मिटून, नाकातून, एकच चाल गुणगुणायचा आणि त्यातही एका जागी हमखास घसरायचा. सूर वर जायला हवा तिथे हा खाली यायचा. लहानपणापासून मी त्याला ते सांगत आले, पण गाढवापुढे वाचली गीता. तो गेला, घर गप्प झालं, आणि मग कधीतरी अंगणातल्या भिंतीवरचा गॅसचा गीझर गुणगुणायला लागला. आधी बारीक, मग भरदार. तोच नाकातला आवाज, आणि मधेच ते घसरणंही.

आमच्याकडचं पाणी जड. किटलीला आतून पांढरं अस्तर चढतं, म्हणून अमादोरने समुद्रावरून एक शिंपला आणून किटलीत टाकला होता. क्षार किटलीवर बसायचा तो शिंपल्यावर बसतो. आता तो शिंपला कमी आणि धोंडा जास्त दिसतो, चहा ओतताना आत खुळखुळतो. गीझरच्या पोटात शिंपला टाकता येत नाही. तिथे तांब्याची वेटोळ्याची नळी असते, ती दर वर्षी व्हिनेगरने धुवावी लागते. हे काम अमादोरचं होतं. तो गेल्यावर ते कोणाचंच राहिलं नाही.

घरात आम्ही दोघीच, मी आणि अमादोरची बायको, एर्मिंदा वहिनी. सकाळी ती आंघोळीला गेली की मी अंगणात तिवईवर बसायची, वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून. कोणी आंघोळीला असेल तर स्वयंपाकघरातला नळ उघडायचा नाही हा आमच्याकडचा कायदा. उघडला की आतल्या माणसाच्या अंगावर गार पाणी आणि बाहेरच्याच्या अंगावर शिव्या. त्यामुळे भांडी तशीच पडलेली असायची आणि मला बसून राहण्यावाचून काही काम नसायचं.

समुद्राकडून धुकं दरी चढून यायचं. अंजिराचं झाड दिसेनासं व्हायचं, मग कपड्यांची दोरी, मग भिंतसुद्धा. उरायची फक्त गीझरच्या खिडकीतली निळी ज्योत आणि ते गुणगुणणं. मला वाटायचं, आत वहिनी नाहीच, अमादोर आहे. आता गळ्यात टॉवेल टाकून बाहेर येईल आणि विचारेल, पावाबरोबर अवोकॅडो आहे का? मी मनातल्या मनात म्हणायची, आहे, पण अजून कडक आहे, उद्यावर ठेव. असं रोज चालायचं. आणि रोज वहिनी बाहेर यायची.

वहिनीही हेच ऐकते अशी माझी खात्री होती. धार दिवसेंदिवस बारीक होत गेली, बारीक धारेला ज्योत धरेना, आंघोळ अर्धी कोमट आणि अर्धी गार व्हायला लागली, तरी ती चकार शब्द काढत नव्हती. नवऱ्याच्या आवाजापुढे गार पाण्याचं काय, असं मी समजले. तिच्यासाठी मीही दात वाजवत आंघोळ उरकायची आणि गप्प बसायची.

या हिवाळ्यात तिची छाती भरली. डॉक्टरने बजावलं, गार पाणी अंगावर घ्यायचं नाही, पुन्हा असंच झालं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. त्यानंतरच्याच सकाळी ती बाहेर आली तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते.

"तोरिबिओ मिस्त्रीला बोलावते," मी म्हणाले.

"राहू दे गं. चालतंय की."

"काय चालतंय? तुझ्या दातांचा बेंजो ऐकतेय मी."

"मग ऐक. फुकट आहे."

मी मिस्त्रीला बोलावलंच. तोरिबिओ म्हणजे हात दोन आणि तोंडं चार. गॅस बंद केला, पाण्याचा कॉक फिरवला, गीझरचं झाकण काढलं आणि नळीवर पाना वाजवून त्याने सुस्कारा सोडला.

"एर्मिंदाबाई, हा गीझर नाही राहिला, खाण झाली. आतला चुना विकलात तर घराला रंग द्यायला पुरेल."

"तू आधी साफ कर, मग विक," वहिनी म्हणाली.

"वाजत असेल ना फार? नळी अशी आतून भरली की पाणी अडून अडून उकळतं. घरघर होते, गुणगुण होते. व्हिनेगर गेलं की एकदम चिडीचूप."

त्याने नळीच्या एका तोंडाला रबरी पाइप लावला, दुसऱ्या तोंडाखाली बादली ठेवली आणि व्हिनेगरचा कॅन उचलला. मी त्याचा हात धरला. मला ठाऊक होतं की मीच त्याला बोलावलंय, छाती वहिनीची आहे आणि हिवाळा अजून सरलेला नाही. तरी हात सुटेना.

"थांब जरा," मी म्हणाले. "वहिनीला विचारू दे. वहिनी, तुला चालेल ना? आवाज जाईल."

"कसला आवाज?"

"अमादोरचा. रोज ऐकतेस ना तू."

वहिनीने शाल घट्ट ओढून घेतली.

"नोएमी, डोक्यावरून पाणी घेताना मला काय ऐकू येणार? आणि हा डावा कान तर गेलेलाच आहे. मला वाटायचं, गीझरलाही माझ्यासारखा खोकला झालाय."

"मग इतके दिवस मिस्त्रीला का बोलावू दिलं नाहीस?"

"तुझं तोंड बघून. मी बाहेर यायची तेव्हा तू अशी बसलेली असायचीस, की आत्ताच कोणी तुला भेटून गेलंय. कोण येतं ते मला काय कळत नव्हतं? मग मिस्त्री कशाला बोलवायचा?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे पाणीही जडच असणार.

"तुला हवं असेल तर राहू दे," वहिनी म्हणाली. "मी पातेल्यात पाणी तापवून घेईन. पण एक सांगू? तो असता तर त्याने स्वतःच धुतला असता."

ते खरंच होतं. गीझर जरा खाकरला की अमादोर बाही वर करायचा. मी हात सोडला.

"ओत," मी म्हणाले.

व्हिनेगर आत गेलं तसं नळी फसफसायला लागली. बादलीत पांढरं, गढूळ पाणी पडत राहिलं, मधून मधून चुन्याचे पापुद्रे. फसफस थांबली तेव्हा तोरिबिओने स्वच्छ पाणी सोडलं, पाण्याच्या वाटेवर एक छोटा फिल्टर बसवला आणि बजावलं, आच कमी ठेवा, पाणी जितकं जास्त तापवाल तितका दगड जास्त. जाताना अवोकॅडोही घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी धुकं होतंच. वहिनी आत गेली. ज्योत एका दमात पेटली, स्वच्छ निळी, आणि गीझर मुका होता. तिवईवर बसायची आता गरज नव्हती, ज्योत हलतसुद्धा नव्हती. तरी मी बसले. अंजीर गेलं, दोरी गेली, भिंत गेली. कोणी आलं नाही. अमादोर मेलाय, हे मला त्या सकाळी कळलं.

मग न्हाणीघराच्या खिडकीतून वाफ बाहेर यायला लागली आणि वाफेबरोबर गुणगुणणं. तोंड मिटून, नाकातून. वहिनी कधी गात नाही, चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवते. माझ्यासाठी म्हणत होती की पाठीवर कढत पाणी पडल्यामुळे, ते मी तिला विचारलं नाही. चाल तीच होती. सूर वर जायला हवा तिथे ती खाली घसरली, नेमकी त्याच जागी. तिला ती चाल तशीच ठाऊक होती.

किटली रिकामी होती, चहाची वेळ टळत होती. तिचं गुणगुणणं थांबेपर्यंत मी नळ उघडला नाही.