भिंतीला झालेला महारोग

माझं डोकं तापट हाय, हे साऱ्या पुसेगावाला ठाऊक हाय. म्हनून आधीच सांगते, पास्टरकडं मी भांडायला गेले नव्हते. विचारायला गेले होते.

आमी ख्रिस्ती. गावात आमची थोडी घरं अन् प्रार्थनेची एक खोली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत साऱ्यांनी एकच भाकर मोडून खायची. त्याची ज्वारीची भाकर बायांनी आळीपाळीनं करायची, अन् पहिला तुकडा वयानं मोठ्या माणसानं घ्यायचा, असा आमचा रिवाज. म्हंजे ग्यानबानं. त्यानं घेतल्याबिगर बाकी कोणी भाकरीला उठत न्हाई.

माझी मोठी जाऊ आशाबाई. तिच्यासारखी भाकर कोणाला थापता येत न्हाई. पन तिच्या हातांवर चट्टे उठले, खाजवलं की कोंडा पडायचा. हिंगोलीच्या डॉक्टरनं सोरायसिस सांगितला, दुसऱ्याला लागत न्हाई म्हनला. त्याच महिन्यात प्रार्थनेत येशूनं बऱ्या केलेल्या दहा महारोग्यांची गोष्ट वाचली गेली, अन् ग्यानबा सारा वेळ तिच्या हातांकडं बघत बसला. पुढच्या खेपेला त्यानं तिचा नंबर गुपचूप मला दिला. डॉक्टर काही म्हनो, महारोगी अशुद्ध, त्याला वस्तीबाहेर ठेवायचं, असं शास्त्रात लिहिलेलं हाय म्हने. आशाबाईनं प्रार्थनेला येनंच सोडलं. माझा जीव नुसता जळून राहिला होता.

पास्टर हरीश तरनं पोरगं, नवीनच आलेलं. त्याला प्रार्थनेच्या खोलीत गाठून मी सरळ विचारलं, शास्त्रातला हा रोग नेमका कोनता? त्यानं जाडजूड कोश काढला. मूळ गोष्ट ग्रीक भाषेत हाय, अन् तिथं शब्द हाय लेप्रा. म्हंजे खवल्यांवानी सुटनारी कातडी. बोटं बधिर करनारा महारोग म्हंजेच लेप्रा, असं काही बराबर म्हनता येत न्हाई. त्याला ग्रीक वैद्यांचं नाव निराळंच होतं.

वाचता वाचता तो थांबला अन् हसायला लागला. हिब्रूतल्या जुन्या नियमशास्त्राचं ग्रीक भाषांतर झालं, त्यात हाच शब्द कपड्याला लावलेला, अन् घराच्या भिंतीलाबी.

मी म्हनले, थट्टा करू नका, भिंतीला कुठं महारोग होतो का? त्यानं वाचूनच दाखवलं. भिंतीवर हिरवे-तांबडे डाग पडले की याजकाला, म्हंजे त्यांच्या पुजाऱ्याला, बोलवायचं, अन् तो यायच्या आत घरातलं सामान बाहेर काढायचं. काहून? तर त्यानं घर अशुद्ध ठरवलं की आतलं सारंच अशुद्ध. बाई गं! मला भारी नवल वाटलं. अन् तेवढ्यात माझी नजर त्याच्या मागं गेली. प्रार्थनेच्या खोलीची मागची भिंत, ओल येऊन हिरवी पडलेली, चुन्याचे पोपडे सुटलेले.

"मंग ह्या खोलीला गावाबाहेर कधी काढता?" मी विचारलं. तो मागं वळून बघतच राहिला.

तसेच दोघं आशाबाईकडं गेलो. ती चुलीपुढं होती. हरीशनं सारं समजावलं, रविवारी साऱ्यांना हेच सांगतो म्हनला. मला वाटलं, आता ही हसंल, न्हाईतर रडंल. तिनं तव्यावरची भाकर उलटली अन् विचारलं, "अन् तोच रोग असता, तर?"

हरीश खाली बघत होता. तव्यावरची भाकर करपली तरी तिनं काढली न्हाई.

"तरीबी भाकर तुमचीच," तो शेवटी म्हनला.

"मंग रविवारी ग्रीक सांगू नका. नुसती भाकर ठेवा."

रविवारी माझी जीभ कशी वळवळत होती, ते मलाच ठाऊक. हरीशनं भाकरीवरचा रुमाल काढला, आशाबाईनं केली म्हनला, अन् गप बसला. कोणी हललं न्हाई. आशाबाई मागं बसली होती, हात उघडे मांडीवर ठेवून. मला राहवलं न्हाई, मी उठायला लागले, तर तिनं माझा पदर धरून खाली बसवलं.

ग्यानबा उठला. भाकरीकडं गेला, हात पुढं केला, अन् हात तिथंच राहिला. त्यानं वळून तिच्या हातांकडं बघितलं. तिनं ते पदराखाली घेतले न्हाईत.

मंग त्यानं तुकडा मोडला. चांगला मोठा मोडला, अन् तिच्याकडं बघत बघतच खाल्ला.