टेबलाखालचं राज्य

दुकानात इस्त्रीचं टेबल एकच, आणि त्या टेबलाखाली एक राज्य होतं. वर आई चादरींच्या चुण्या मोडायची, खाली दादा आणि धाकटी मुंगी राज्य करायची. लोंबत्या चादरींचा तट, चादरींचाच दरवाजा. राजा अकरा वर्षांचा, प्रजा सात वर्षांची आणि एकुलती एक. राज्याची भाषाही राजानंच केलेली.

थंडीत दादा तापानं गेला. त्या दिवसापासून मुंगीनं हूं की चूं केलं नाही. पाच महिने झाले.

शुक्रवारी शाळेच्या मोठ्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. "सोमवारपर्यंत वाट बघते, बोलली तर ठीक. नाही तर परगावच्या निवासी शाळेत धाडा. तिथे अशा मुलांची सोय असते."

'अशा मुलांची' हे शब्द आईनं ओल्या चादरीसारखे खांद्यावर टाकून घरी आणले.

तिच्या हातात एकच किल्ली होती, दादाची वही. दोन महिने ती वही पाठ करत होती. त्या भाषेत क्रियापदांना शेपट्या असत. 'लुम' म्हणजे येणं. मी येते तर लुमा, तू येतेस तर लुमो, आपण येतो तर लुमिल्ला. 'फाच' म्हणजे शिंकणं, 'गिब' म्हणजे रुसणं. त्यांनाही याच तीन शेपट्या. आणि पहिल्याच पानावर, वेड्यावाकड्या अक्षरात, राजाज्ञा: 'चूक ऐकून गप्प बसेल तो हद्दपार. चुकेल त्यानं बरोबर शब्द दहादा म्हणायचा. दुसऱ्यानं मोजायचं. मध्ये चुकलं तर पुन्हा एकपासून.'

रविवारी दुपारी आई इस्त्रीला उभी राहिली. मुंगी टेबलाखाली, गुडघे पोटाशी घेऊन.

"फाचा, फाचो, फाचिल्ला," आई म्हणाली. चादरीतून वाफ उठली. खालून काही नाही.

टाकीपाशी कपडे पिळणारी मावशी म्हणाली, "पोर मुकी झाली, आता तूही वेडी होणार का गं?"

"होऊ दे, मावशी. मग सोमवारी दोघींना एकाच गाडीत बसवतील."

"गिबा, गिबो, गिबिल्ला." एक चूक नाही. सतरा चादरी झाल्या, घशाला कोरड पडली. चार वाजता आईचा जीव थकला आणि जीभ घसरली.

"लुमा, लुमो, लुमल्ला..."

खाली चादर हलली. आई वाकली. मुंगीचे ओठ उघडून पटकन मिटले होते. डोळ्यांत भीती, चोरी पकडल्यासारखी.

आईला राजाज्ञा आठवली. दोन महिने ती सगळं बरोबर म्हणत आली होती, आणि बरोबर म्हणणाऱ्याशी त्या राज्यात कुणाला बोलावंच लागत नव्हतं.

मग ती चुकू लागली. मुद्दाम. लेकरानं मागे ठेवलेलं एवढंच धन, आणि ते ती आपल्याच तोंडानं मोडत होती. "फाचू. फाचटा. गिबोबो." माफ कर रे राजा, माफ कर, ती मनात म्हणत होती. खाली मुंगीनं कान गच्च दाबून धरले. गालांवरून धारा.

"अगं, आई आहेस का वैरीण?" मावशी ओरडली. "बास कर!"

"लुमाटू," आई हुंदक्यातून म्हणाली. "लुमाटी. लुमटुल..."

"लुमिल्ला!"

गंजलेली कडी निघावी तसा आवाज. मुंगी बाहेर झेपावली, आईच्या मांड्यांवर बुक्क्या मारू लागली. "लुमिल्ला! दादानं लुमिल्ला सांगितलंय! सगळं खराब केलंस तू, सगळं!"

इस्त्री चादरीवर तशीच राहिली. जळका वास सुटला, मावशीनं धावत येऊन ती उचलली. आईला कशाचं भान नव्हतं. ती खाली बसली, मुंगीला कवेत घेऊन टेबलाखाली शिरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"चुकले गं बाई. दंड सांग."

मुंगीनं नाक ओढलं. "दहादा. मी मोजणार."

"लुमिल्ला."

"एक."

"लुमिल्ला."

"दोन."

नऊ झाले. आई थांबली. दहा झाले की ही पुन्हा तोंड मिटून घेईल. पुन्हा तेच पाच महिने. आणि उद्या तर सोमवार. मुंगी दहावं बोट धरून वाट बघत होती.

आईनं श्वास घेतला. "लुमल्ला."

"आई!" मुंगी चिडली. "पुन्हा एकपासून!"