गिस्बर्टच्या नावाची कुपी

दोष डॉक्टर एबरहार्ट यांचा. म्हातारे आहेत, माइन्झ शहरात सगळे त्यांना मान देतात. म्हणून काय झालं?

मी लसीची कुपी बोलतेय. गिस्बर्ट वेंडलिंगच्या स्वादुपिंडातली कर्करोगाची गाठ कापून काढली, तिच्यातल्या खुणा प्रयोगशाळेत वाचल्या आणि त्या खुणा त्याच्या शरीराला ओळखायला शिकवणारी लस बनवून माझ्यात भरली. माझ्यावर त्याचंच नाव. दुसऱ्या कुणाला माझा काडीचा उपयोग नाही.

त्या दिवशी गिस्बर्ट लस घ्यायला नेहमीसारखा वेळेआधी रुग्णालयात हजर. मला बर्फातून काढून ठेवलेलंच होतं.

"काय हो वेंडलिंगसाहेब, आवाज खणखणीत लागलाय! मागच्या खेपेला तर नुसते खरखरत होता," नर्स निल्गुन म्हणाली.

"एबरहार्टनं सुई दिली. कार्निव्हलच्या उत्सवात मी गातो ना, त्याआधी दरवर्षी देतो. काल अख्खा हॉल बाकांवर चढला होता!"

"कसली सुई?"

"घशाची. आता त्याला काय विचारायचं? माझ्या बापाचाही डॉक्टर तोच."

निल्गुननं मला खाली ठेवलं आणि फोन लावला.

"पोरी, तू जन्मायच्या आधीपासून या गवयांचे घसे सांभाळतोय मी," एबरहार्ट म्हणाले. "थोडं कॉर्टिझोन. त्यात एवढं काय?"

"त्यांची लस चालू आहे. कळवलं होतं तुम्हाला."

"लस म्हणजे फ्लूचीच ना?"

निल्गुननं फोन ठेवला.

माझं काम शरीरातल्या शिपायांना उठवायचं; कॉर्टिझोन त्यांना झोपवतं. औषध उतरेपर्यंत लस बंद. एकदा वितळले की मला पुन्हा गोठवता येत नाही.

"म्हणजे गाणं नको होतं म्हणायला?" गिस्बर्टनं विचारलं.

"सुई नको होती," निल्गुन म्हणाली. "विचारायचं तरी होतं हो."

तो टोपी हातात फिरवत बसला.

ही लस अजून चाचणीत आहे; न वापरलेल्या कुप्यांच्या मोजदादीसाठी मला कपाटात ठेवलंय. इथून सगळं ऐकू येतं. लस पुन्हा सुरू व्हायच्या आतच गिस्बर्टच्या यकृतावर डाग दिसला. गाठ परतली की चाचणीतून नाव जातं. माझ्या बहिणी, त्याच्या नावाच्या बाकीच्या कुप्या, गोठलेल्याच बाद झाल्या. मी त्याला वाचवलं असतं का, कोण जाणे. माझी पाळीच आली नाही.

वडीलधाऱ्यांनो, नवीन काही कळत नसेल तर विचारा. लाज वाटली तरी विचारा.

एबरहार्टांचा दवाखाना चालू आहे. गिस्बर्ट वेंडलिंगचा जीव गेला.